तिसऱ्या पंख्याला आवाजच नव्हता

मित्रांनो, मी तुमच्या तळहातावर मावेन एवढाच आहे. काळा, चौकोनी आणि वयाने म्हाताऱ्यांत जमा झालेला. छताला टांगलेला, सगळ्या घराला वारा घालणारा तो रुबाबदार पंखा माझा कोणी लागत नाही. मी कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा. माझ्याकडे कोणी वर मान करून बघत नाही आणि गरम झाले म्हणून माझे बटण कोणी दाबत नाही. मी आहे हे लोकांना दोनच वेळा कळते, मी थांबलो तर किंवा मी ओरडलो तर. मी अर्धा जन्म ओरडलो. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्ही भावंडे एका सरकत्या पट्ट्यावरून रांगेने पुढे जात होतो. एका बाईने माझ्या पोटावर चिठ्ठी डकवली, दुसरीने मला एकदा फिरवून पाहिले आणि तिसरीने मला पत्र्याच्या डब्यात घालून स्क्रूंनी आवळून टाकले. हे थोड्या वेळापुरते असेल असे मला वाटले. लहानपणी सगळ्यांनाच तसे वाटते. समोर जाळी, मागे तारांचे जंजाळ, दोन्ही बाजूंना पत्रा. जाळीच्या भोकांतून दिसेल तेवढेच माझे जग, आणि तेही कायम भिंतीचे, कारण कॉम्प्युटरची पाठ नेहमी भिंतीकडे असते.

सुरुवातीची वर्षे मुंबईच्या एका थंडगार ऑफिसात गेली. तिथे माझा आवाज कोणी ऐकला नाही, कारण तेव्हा मला आवाजच नव्हता. मग त्या ऑफिसाने नवी यंत्रे घेतली आणि आम्ही जुने जळगावला आलो. आम्हाला आणणारा होता बन्सीलाल. दाणाबाजारात त्याच्या वडिलांचे, सुगनचंदशेठांचे, डाळीचे दुकान. दुकानात कॉम्प्युटर ठेवला की बाजारात आपले वजन वाढेल असे बन्सीलालला वाटले. वजन वाढले ते माझे. तुरीची पोती झटकताना जो पिवळा भुसा उडतो, तो सगळा मी पोटात ओढू लागलो. पंखा दुसरे काय करणार? भुशाने माझ्या आतले तेल पिऊन टाकले आणि माझा गळा बसला तो बसलाच. सुरू झालो की घुर्र, जरा तापलो की घर्र. गिऱ्हाइके बन्सीलालला विचारू लागली, "काय भाऊ, दुकानातच गिरणी टाकली का?" शेठजींनी चार दिवस ऐकून घेतले आणि पाचव्या दिवशी म्हणाले, "हे भूत घरी न्या."

दुकानाच्या मागेच घर होते. आम्हाला एका आतल्या खोलीत ठेवले. तिथे रजया, गाद्या आणि पापडांचे डबे असत. खिडकी नव्हती. पलीकडच्या खोलीशी सामाईक असलेल्या भिंतीत वरती तेवढा एक झरोका होता. त्या खोलीत मला लाडकुंवर भेटली.

लाडकुंवर ही बन्सीलालची बायको. नाव आजीने ठेवलेले, जुन्या वळणाचे, पण मुलगी नव्या वळणाची. माहेर अमळनेरचे. तिथल्या कॉलेजात शिकली, मराठी टायपिंग शिकली, शिक्षण पुरे केले आणि लग्न होऊन जळगावला आल्यावर पापड लाटायला बसली. या घरची एक रीत होती. सुनेने सासऱ्यापुढे घुंघट ओढायचा आणि बोलायचे नाही. नुसते समोरच नाही, तर त्यांच्या कानावर आपला आवाजसुद्धा पडू द्यायचा नाही. काही सांगायचेच असेल तर सासूच्या, म्हणजे चंदनबाईंच्या कानात कुजबुजायचे आणि मग चंदनबाईंनी ते शेठजींना सांगायचे. शेठजीही रीत पाळत. आत येण्याआधी दाराशी खाकरत, म्हणजे सून सावध होई. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, पण आपल्या सुनेचा आवाज नाजूक आहे की भारदस्त हे शेठजींना ठाऊक नव्हते. घरात सगळे मारवाडीत बोलत. मी ते तुमच्यासाठी मराठीत सांगतो आहे.

बंद पडून राहिलेल्या यंत्राकडे लाडकुंवर आधी लांबूनच बघत असे. मग एके दिवशी दुपारची झाकपाक झाल्यावर तिने पदराने कॉम्प्युटरचा पडदा पुसला आणि बटण दाबले. मी घुर्र केले. ती दचकली, मग हसली. थोड्याच दिवसांत ती लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवू लागली. छापखान्यातून काम बन्सीलाल आणे आणि पुरे झाले की तोच पोचवी. छापखानेवाले म्हणत, "तुमचा माणूस फार चांगला आहे हो." तो माणूस कोण हे बन्सीलाल सांगत नसे. तसा तो वाईट नव्हता. फक्त वडिलांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे.

जुळवलेला मजकूर मोठ्याने वाचून तपासायची लाडकुंवरला सवय होती. मोठ्याने वाचले की गाळलेले शब्द तिला लगेच सापडत. पण या घरात मोठ्याने वाचणार कुठे? तेव्हा माझा उपयोग झाला. ती यंत्र सुरू करी, माझा गळा तापण्याची वाट बघे आणि माझी घरघर रंगात आली की वाचायला लागे. पहिल्यांदा ओठांतल्या ओठांत, मग हळू, मग चांगले खणखणीत. झरोक्यापलीकडे माझ्याशिवाय काही ऐकू जात नसे. मित्रांनो, माझ्या आवाजाचा मला नेहमी कमीपणा वाटे, पण त्या दिवसांत मी मुद्दाम छाती फुगवून ओरडलो. वाचून झाल्यावरही ती कधी कधी बोलत राही. आज भाजीत मीठ जास्त पडले, आईचे पत्र आले नाही, असले काहीबाही. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मीही तिच्यासारखाच स्क्रूंनी आवळलेला.

मग तिला मोठे काम मिळाले. रावेरकडच्या केळीवाल्यांसाठी केळीच्या रोगांवर एक पुस्तिका निघणार होती. पत्रिका नव्हे, पुस्तक! लाडकुंवरने आयुष्यात केळीची बाग आतून पाहिली नव्हती, पण करप्याची लक्षणे ती अशा जोषात वाचू लागली की जणू समोर शेतकऱ्यांची सभाच बसली आहे.

नेमके त्याच सुमारास सुगनचंदशेठांनी दुकान मुलाच्या हवाली केले आणि ते सामायिकाला जास्त वेळ बसू लागले. सामायिक हे जैनांचे व्रत. वाळूचे घड्याळ म्हणजे घडी उलटी करायची, तोंडाला मुहपत्तीचे फडके बांधून आसनावर बसायचे आणि वरची वाळू खाली येईपर्यंत दुकान, घर, संसार यांचा विचारही करायचा नाही. त्या वेळात विजेचा दिवा चालत नाही आणि पंखाही चालत नाही. कोणाशी बोलणे तर नाहीच. त्यांची बसायची खोली झरोक्याच्या पलीकडची. गुडघे धरल्यामुळे त्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून वरच्या मजल्यावर जायची सोय नव्हती. या माणसाच्या कानांनी उभा जन्म डाळ भरडण्याचा खडखडाट ऐकला होता. म्हातारपणी त्यांना फक्त शांतता हवी होती, आणि भिंतीपलीकडे मी बसलो होतो. मला त्यांचा राग कधी आला नाही. राग माझा मलाच येई.

एके दिवशी सामायिक पुरे करून ते बाहेर आले आणि चंदनबाईंना म्हणाले, "या यंत्राचं तोंड बंद करा. नाहीतर ते गोदामात न्या."

गोदाम गावाबाहेर होते. तिथे हमाल, ट्रक आणि पोती. या घरच्या बायका तिथे जात नसत. यंत्र गोदामात गेले की लाडकुंवरचे काम संपले हे सगळ्यांना कळत होते.

पहिला उपाय चंदनबाईंनी केला. त्यांनी एक जाड रजई आणली आणि चालू यंत्रावर पांघरली, वर लहान मुलाला निजवताना थोपटतात तसे थोपटले. आवाज खरेच कमी झाला. मी आत घुसमटून गेलो. मला जी हवा बाहेर टाकायची होती तीच फिरून माझ्या तोंडात येत होती. प्लॅस्टिक तापल्याचा वास सुटला तेव्हा लाडकुंवरने झटकन रजई ओढली. मग कौतिकला बोलावणे गेले.

कौतिक हा धरणगावाकडचा, अहिराणी बोलणारा कारागीर. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, जे बंद पडेल ते तो उघडे आणि बहुतेक वेळा परत जोडेही. त्याने मला बोटाने फिरवून पाहिले. "बन्सीभाऊ, हाऊ पंखा म्हातारा व्हयी गया," तो म्हणाला. "तेल टाकं ते थोडा दिन गप बसी, मंग परत बोंबली. नवा लावा."

बन्सीलालने मुंबईहून तीन नवे पंखे मागवले. कोणता कमी आवाजाचा हे डब्यावरच्या लिहिण्यावरून कळेना, कारण प्रत्येक डब्यावर आपलाच पंखा सर्वांत शांत असे लिहिले होते. शेवटी शेठजींनीच परीक्षा ठरवली. "मी सामायिकाला बसतो. तेव्हा एकेक लावा. वाळू सरली की मी सांगतो कोणता ठेवायचा."

मला स्क्रूंतून सोडवले आणि टेबलावर ठेवले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच जाळीबाहेर आलो होतो. खोली केवढी मोठी दिसली! लाडकुंवरचा चेहराही मी तेव्हाच प्रथम नीट पाहिला. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हाताची बोटे एकमेकांत गुंतली होती.

कौतिकने पहिला पंखा जोडला. त्याचा आवाज होता, पण मऊ. वारा भरपूर. दुसरा लावला तर तो आजाऱ्यासारखा कण्हू लागला. मग तिसरा जोडला, बटण दाबले, आणि त्याच क्षणी लाईट गेली.

जळगावात लाईट जाणे ही काही बातमी नाही. कौतिकने कपाळाला हात लावला. लाईट येताना झटका येतो म्हणून त्याने पिनही काढून ठेवली. सगळे गप्प बसून राहिले. तिसरा पंखा हूं की चूं न करता तारेला लोंबकळत होता. झरोक्यापलीकडे शेठजी आसनावर होते. त्यांच्या खोलीत एरवीही दिवा नव्हता की पंखा नव्हता, त्यामुळे लाईट गेल्याचा त्यांना पत्ता नव्हता. वाळू संपत आली आणि लाईट परत आली. कौतिक पिन लावणार तोच शेठजी बाहेर आले. बाहेर छताचा पंखा नेहमीसारखा फिरत होता. शेठजींचा चेहरा उजळलेला होता.

"पहिला बरा आहे," ते म्हणाले. "दुसरा कण्हतो. पण तिसरा! तिसऱ्याला तर आवाजच नव्हता. इतकी शांतता मी या घरात कधी ऐकली नाही. तोच लावा."

कौतिक म्हणाला, "शेठजी, तवय ते लाईट..." बन्सीलालने डोळे मोठे केले आणि कौतिकने बाकीचे वाक्य गिळले.

मित्रांनो, तुम्ही हसाल. मलाही हसू आले होते. पण त्या क्षणी बोलणे सोपे नव्हते. शेठजींनी या यंत्राबद्दल आयुष्यात पहिल्यांदा चांगला शब्द काढला होता. तो मोडायचा कोणी? बन्सीलालची हिंमत नव्हती. चंदनबाईंना नवऱ्याला दुरुस्त करायची सवय नव्हती. आणि लाडकुंवर घुंघटाआड उभी होती. तिसरा पंखा एकदाही न फिरता पास झाला.

तो बसवताना कौतिकने मान हलवली. सुरू केल्यावर पंखा खरेच गप्प होता, पण पाती सुस्तावलेली. "याले आवाज नही, पन याना वारा बी नही," कौतिक म्हणाला. "उन्हायामा काय व्हई ते माले इचारू नका." बन्सीलाल म्हणाला, "बापूजींनी ठरवलंय." तिथे विषय संपला.

मला टेबलाच्या खणात टाकले. टाचण्या, तुटकी पेन्सिल, डिंकाची बाटली आणि मी. खण बंद झाला आणि अंधार झाला. पूर्वी निदान जाळी होती, आता तीही गेली. वर यंत्र सुरू झाल्याचे मला फक्त लाकडाच्या थरथरीने कळे.

दुसऱ्या दिवशी लाडकुंवर वाचायला बसली. तिने एक ओळ वाचली आणि ती स्वतःच घाबरली. खोलीत तिच्या आवाजाशिवाय काहीच नव्हते. तो सरळ झरोक्यातून पलीकडे गेला असणार. तिने तोंडावर हात धरला असावा, कारण पुढची ओळ आलीच नाही. त्या दिवसापासून ती डोळ्यांनी तपासू लागली. खोलीत ती होती, पण आहे असे वाटत नसे. मी खणात पडून वाट पाही की आज तरी काही बोलेल. भाजीतल्या मिठाबद्दलसुद्धा ती बोलेना. मग छापखान्यातून पाने परत आली. फवारणीच्या भागातली एक अख्खी ओळ गळाली होती. असे तिच्याकडून कधी झाले नव्हते.

मग वैशाख आला. जळगावचा वैशाख तुम्हाला सांगायला नको. पत्र्याला हात लावला तर पोळतो. तिसरा पंखा बिचारा आपल्या परीने फिरत होता. त्याचा दोष नव्हता, त्याच्याकडून या उन्हाची अपेक्षाच चुकीची होती. यंत्र तापू लागले. पान भरत आले की पडदा गोठे आणि जुळवलेला मजकूर नाहीसा होई. लाडकुंवर पुन्हा बसे, पुन्हा जुळवी, पुन्हा तो जाई. टेबलाच्या फळीतून ती धग खणात उतरत होती आणि मी आत तडफडत होतो. मला फक्त दोन तारा जोडल्या की काम झाले असते, पण ते कोणाला सांगणार? मला तोंड होते ते फिरताना. बंद पंख्याला कोण विचारतो?

"यंत्र बिघडलंय," असे चंदनबाईंनी एका सकाळी शेठजींना सांगितले.

शेठजी म्हणाले, "पंखा मी पारखून घेतला होता. यंत्रच नासकं आहे. आता गोदामात तरी कशाला? भंगारवाल्याला सांगा, उद्या घेऊन जाईल."

लाडकुंवर चंदनबाईंच्या कानाशी गेली. "त्यांना सांगा ना, त्या दिवशी लाईट गेली होती."

"मी नाही सांगणार," चंदनबाई कुजबुजल्या. "तुमचं चुकलं असं मी त्यांना कधी म्हटलेलं नाही. आता या वयात म्हणू?"

मग ती बन्सीलालकडे वळली. तो चपला शोधू लागला. "बघू," तो म्हणाला, आणि दुकानात निघून गेला.

सांगायच्या दोन वाटा होत्या. दोन्ही बंद झाल्या. दुपारी ती खोलीत आली. टाचणी घ्यायला तिने खण ओढला आणि तो उघडाच राहिला. माझ्यावर उजेड पडला. तिच्या हातात पुस्तिकेची छापून झालेली थोडी पाने होती. यंत्र बंद होते. झरोक्यापलीकडे शेठजी नुकतेच आसनावर बसले होते. वाळूची घडी उलटी झाली होती. आता वाळू सरेपर्यंत ते उठणार नव्हते आणि काही बोलणारही नव्हते.

लाडकुंवरने घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"केळीच्या पानांवर पिवळे ठिपके दिसू लागताच रोगट पाने कापून बागेबाहेर न्यावीत."

बाहेर चंदनबाईंच्या हातातले लाटणे पडले. त्या धावत आल्या, ओठांवर बोट ठेवले, हात जोडले, भिंतीकडे खुणा केल्या. लाडकुंवरने त्यांच्याकडे पाहिले, पण ती थांबली नाही. तिने पाने डोळ्यांसमोर धरली. आवाज सरळ होता. तिने तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. मग पानावरची नजर न काढता, त्याच सुरात ती म्हणाली, "बापूजी, तिसरा पंखा लावला तेव्हा लाईट गेली होती. तो फिरलाच नव्हता, म्हणून तुम्हाला आवाज आला नाही. यंत्र चांगलं आहे. त्याला वारा मिळत नाही म्हणून ते गुदमरतं." आणि पान उलटून तिने पुढे वाचायला घेतले, "पावसाळ्यात बागेत पाणी साचू देऊ नये."

सामायिकाला बसलेल्या माणसाला असे ऐकवणे बरोबर की चूक, हे मी ठरवणारा कोण? एवढे मात्र खरे की दुसऱ्या कोणत्याही वेळी ते उठून गेले असते.

पाने संपली. ती खाली बसली आणि तोंड पदरात घेऊन रडली. चंदनबाई दाराशीच थिजल्या होत्या. पलीकडून काही हालचाल ऐकू येईना. वाळू सरली असणार, तरी शेठजी उठले नाहीत. थोड्या वेळाने घडी उलटी केल्याचा बारीक आवाज आला. ते दुसऱ्या सामायिकाला बसले होते. उत्तर द्यायला त्यांनाही उसंत हवी होती.

ऊन कलल्यावर ते आले. खाकरले नाहीत. दाराशी येऊन, सुनेला अवघडायला नको म्हणून तोंड दुसरीकडे करून उभे राहिले.

"बींदणी," ते म्हणाले. सुनेला त्यांनी थेट हाक मारली ती पहिल्यांदाच. "लाईट गेली होती, हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

चंदनबाईंनी सवयीने आपला कान सुनेच्या तोंडाजवळ नेला. पण लाडकुंवर कुजबुजली नाही.

"सांगायला मला तोंड कुठं ठेवलं होतं, बापूजी?"

 शेठजींचा हात चौकटीवर होता आणि बोटे लाकूड चाचपत होती. रागावतील असे मला वाटले. चंदनबाईंनी तर डोळेच मिटून घेतले होते. शेवटी ते म्हणाले, "कौतिकला बोलवा. पंखे पुन्हा लावा. लाईट असताना." दोन पावले गेले आणि वळून न बघता म्हणाले, "कोणता ठेवायचा ते ती सांगेल."

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. कौतिकने मलाही खणातून काढले, भुसा झटकला, तेलाचा थेंब दिला. "हाऊबी देखी ल्या, वहिनी. म्हातारा शे, पन आंगमा दम शे," तो म्हणाला. मला दोन तारा लागल्या आणि मी जीव तोडून फिरलो. तेलामुळे घरघर निम्मी झाली होती. लाडकुंवरने माझ्या पाठीमागे तळहात धरला. खरे सांगतो, ती मलाच निवडेल अशी माझी खात्री होती. तिच्या एवढ्या वाचनाला मी आडोसा दिला होता. माझ्याशिवाय तिचे काम कसे चालेल?

तिने सगळ्यांचा वारा हाताला लावून पाहिला. मग पहिल्या पंख्यावर बोट ठेवले, त्या मऊ आवाजाच्या. "हा," ती म्हणाली.

मी परत खणात आलो. थोडे दिवस मला फार वाईट वाटले. तिला मी नको झालो, एवढेच मनात घोळत राही. आता ती रोज मोठ्याने वाचते. तो नवा पंखा तिचा एक शब्दही झाकत नाही, तरी वाचते. पुस्तिका छापून झाली, दुसरी हातात आहे. घरची रीत एका वाक्याने बदलत नसते. घुंघट अजून आहे, आणि बन्सीलाल अजून चपला शोधतो. पण मध्यंतरी शेठजी सामायिकावरून उठून दाराशी आले आणि म्हणाले, "ते पिवळ्या ठिपक्यांचं परवा अर्धंच वाचलंस." संसाराचा विचार करायचा नाही त्या वेळात हा माणूस केळीचा करपा ऐकत होता! लाडकुंवरने पुढचे वाचून दाखवले. तेव्हा मला एक गोष्ट कळली. मी फिरत होतो त्या दिवसांत तिचा आवाज माझ्या एकट्याचा होता खरा, पण माझ्याच घरघरीत त्यातले अर्धे शब्द बुडून जात होते. तिला नीट ऐकले ते मी खणात आल्यावर.

म्हणून जाता जाता तुम्हाला सांगतो. पंखा घ्याल तेव्हा तो चालू करून घ्या आणि त्याचा वारा हाताला लावून पाहा. नुसता गप्प आहे म्हणून त्याला चांगला म्हणू नका. घरातल्या माणसांचेही तसेच आहे. आणि तुमच्या यंत्रात माझा कोणी भाऊबंद घरघरत असेल तर त्याच्यावर रजई टाकू नका. त्याची धूळ झटका, तेलाचा एक थेंब द्या. तो काही हौसेने ओरडत नाही.

मला आता फिरायचे नाही. या घरच्यांकडे माझे मागणे लहान आहे. टाचणी घेऊन झाली की हा खण पुरता लोटू नका. बोटभर फट राहू द्या, म्हणजे तिचे वाचन मला असेच ऐकू येत राहील.